पदवी, काम आणि मोडीचा कागद

विद्यापीठातून बाहेर पडणारा पदवीधर आणि त्याला कामावर घेणारा मालक यांच्यातील अंतर हा विषय सध्या व्यवस्थापनशास्त्राच्या जाणकारांकडे गेला आहे. मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने त्यात का बोलावे, असे श्रोत्यांपैकी काहींना वाटेल. परंतु या अंतराची झळ कला शाखेच्या विद्यार्थ्यांना अधिक बसते, आणि माझे आयुष्य त्यांच्यातच गेले.

प्रत्यक्ष काम करावे, काय घडले ते न्याहाळावे, का घडले याचा विचार करावा आणि त्या विचाराच्या बळावर पुन्हा कामास लागावे, या क्रमाला अनुभवाधिष्ठित शिक्षण म्हणतात. अमेरिकेत डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये त्याची चार पायऱ्यांत मांडणी केली. त्यापूर्वी १९३८ मध्येच जॉन ड्यूई यांनी बजावले होते की, प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. हा इशारा आज सोयीस्करपणे विसरला जातो.

आपल्या परिसरात या विचाराला जुना आधार आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकला शिकण्यासाठी मुंबईला गेले. रंग नीट ओळखता येईनात म्हणून यांत्रिक रेखनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होईल, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. किर्लोस्करवाडी वसली ती १९१० मध्ये. हे नांगर गावोगाव विकणाऱ्यांत एक होते भाऊराव पाटील. त्यांनीच १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व १९४७ मध्ये साताऱ्याच्या महाविद्यालयापर्यंत नेले.

येथे एक भेद मात्र ध्यानी घ्यावा. काम करून शिकण्याचा खर्च भागविणे वेगळे आणि कामातूनच विद्या मिळविणे वेगळे. गरिबाच्या मुलाचे शिक्षण पैशावाचून थांबू नये, ही कर्मवीरांची पहिली तळमळ होती. ग्रंथालयात पुस्तके लावून मुलाला चार पैसे मिळतात ही चांगलीच गोष्ट आहे. तिला व्यवसायाची तयारी म्हणणे बरोबर नाही.

हुबळीला उमेदवारी नवी नाही. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकात उभारलेला कारखाना येथे आहे. १९४७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयही निघाले. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली अभियांत्रिकीचे पदवीधर आले. इतर शाखांच्या पदवीधरांसाठी दार उघडले ते २०१४ च्या दुरुस्तीने. म्हणजे बी. ए. झालेल्या मुलाला कायद्याच्या उंबरठ्यावर आणखी एक्केचाळीस वर्षे थांबावे लागले! पण दार उघडले तरी कला शाखेचा कारखाना कोठे आहे?

माझ्या विषयापुरते उत्तर मी देऊ शकतो. धारवाडचा मुलूख पेशवाईच्या अखेरीपर्यंत मराठी अमलात आणि पुढे १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व राज्यात होता. त्यामुळे या भागात जुन्या घरांच्या ट्रंकांत मोडी कागद अजून सापडतात. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमार्फत जुन्या दप्तरांतील कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा मोडी वाचकांची गरज एकाएकी वाढली आणि जाणते वाचक थोडे निघाले. त्या वेळी मराठीचे पदवीधर काही थोडे नव्हते.

वर्गात मोडीची मुळाक्षरे गिरवून गुण मिळतात. खरेदीखत हाती आले की गोष्ट निराळी होते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. शब्द कोठे तोडायचा ते संदर्भाने ठरवावे लागते. जमिनीचे माप बिघा, पांड किंवा चावरात. काळ कधी शकात, कधी फसली किंवा सुहूर सनात. चतुःसीमेतील एक शब्द चुकला तर कोणाचा तरी बांध सरकतो. वकील आणि पक्षकार समोर बसले असता येणारी ही जबाबदारी माझ्या लाल शाईने कधी आणली नसती. वाचन झाल्यावर विद्यार्थ्याने लिहून द्यावे: कोणते अक्षर संशयास्पद होते, आपण ते असेच का वाचले. ड्यूईंना अभिप्रेत असलेला विचार या टिपणात घडतो. शिवाय आपल्या कामाचा हिशेब चार स्वच्छ वाक्यांत देणे ही मालकांची कायमची मागणीही तेथेच पुरी होते.

हे पंधरा दिवसांच्या इंटर्नशिपने होणार नाही. निदान एक सत्र हवे, कामाच्या जागी एक जाणता माणूस हवा, आणि प्राध्यापकानेही पंधरवड्यातून एकदा तेथे जाऊन बसावे. त्यालाही पुष्कळ शिकण्यासारखे असते. विद्यार्थ्याला चहा आणायला आणि झेरॉक्स काढायला पाठविणारे कार्यालय आपण नाकारले पाहिजे. कायद्याने विद्यावेतन सांगितले आहे, ते उपकार म्हणून देऊ नये.

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत वकील, दस्तलेखक, मुद्रक आणि व्यापारी आहेत. त्यांनी एकेका पदवीच्या विद्यार्थ्याला एका सत्रासाठी आपल्या मेजाशी जागा द्यावी. कमरीपेठेत ज्यांच्या घरी मोडी कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी अशा एखाद्या विद्यार्थ्याला दाखवावेत. मूळ कागद घरातच राहू द्या. वाचायला छायाप्रत पुरते.