‘आह बॉइज टू मेन’: सैन्यावरचा सिनेमा, घराघरातली भांडणं

सिंगापूरकर सैन्यावरच्या सिनेमाबाबत किती हळवे आहेत, हे बघायचं तर जॅक निओचा २०१२चा ‘आह बॉइज टू मेन’ घ्या. सुरुवातीलाच शहरावर परकीय हल्ला, मग टेकाँग बेटावरचे रंगरूट आणि सैन्यातून सुटकेसाठी धडपडणारा श्रीमंत घरचा केन. स्थानिक सिनेमांमधला कमाईचा विक्रम त्याने मोडला, तरी टीका थांबेना: शिव्या फार, जाहिराती त्याहून फार. (जाहिरातींचं पटतं!) सैन्यात राहून आलेले मात्र सार्जंटची ओरड ऐकून खूश. इथल्या पीआर (कायम रहिवासी) मराठी घरांतही विषय जिव्हाळ्याचाच. मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं सक्तीची नॅशनल सर्व्हिस. आईबाबांनी दुसरा भागही जरूर बघावा.