गज घट्ट, तावदान सैल
घराचे सांधे : भाग अकरावा

कठडा करून घेताना आपण फॅब्रिकेटरला तीन गोष्टी विचारतो. डिझाइन कुठलं, पाइप किती गेजचा आणि फुटाचा भाव काय. हा कठडा खाली कशात आणि कसा धरलेला असणार, हे सहसा कुणी विचारत नाही. गेल्या भागात जिन्याच्या पायऱ्या झाल्या, तेव्हा या भागात त्यांच्या कडेचा कठडा आणि ओघाने गॅलरीचाही.

आधी थोडा हिशेब, कारण त्याशिवाय पुढचं सगळं कंटाळवाणं वाटेल. कठड्यावर येणारा रेटा आडवा असतो. माणसं रेलतात, पोरं लोंबकळतात, लग्नघरात गर्दी एका बाजूला सरकते. गच्चीच्या आणि सार्वजनिक जिन्याच्या कठड्यासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक दर मीटर लांबीला ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण ७५ किलोचा रेटा धरायला सांगतं. नाट्यगृह, शाळा अशा गर्दीच्या जागी तोच आकडा तिप्पट होतो. आता समजा, दर मीटरला एक खांब आहे, खांब एक मीटर उंच आहे आणि त्याच्या तळाच्या बेस प्लेटचे बोल्ट एकमेकांपासून ८ सेंटिमीटरवर आहेत. डोक्यावरचा ७५ किलोचा रेटा तरफेच्या नियमाने तळाशी साडेबारा पट होतो. घराच्या बाजूच्या दोन बोल्टांना मिळून सुमारे ९४० किलोची ओढ सोसावी लागते, तीही जमिनीतून वर उपटणारी. वर गुळगुळीत पॉलिश केलेला पाइप दोन इंची घेतला की अडीच इंची, याने या ओढीत काही फरक पडत नाही.

लाकडी कठड्यात ही ओढ बोल्टाविना निभावली जायची. जुन्या वाड्यांच्या माडीला चौकाच्या बाजूने सागवानी कठडा असतो. त्याचे मुख्य खांब घराच्याच सांगाड्यातले, तुळईपासून वरच्या आढ्यापर्यंत गेलेले. कठडा म्हणजे त्या दोन खांबांमध्ये अडकवलेली चौकट. तो स्वतःच्या पायावर उभाच नसतो. खाली एक आडवा दांडा, वर एक, मध्ये कातीव उभे दांडे. प्रत्येक उभ्या दांड्याची दोन्ही टोकं बारीक केलेली आणि आडव्या दांड्यांत कोरलेल्या भोकांत ठोकून बसवलेली. जिथे सुटण्याची भीती तिथे आरपार छिद्र पाडून लाकडी खुंटी, नाहीतर पाचर. खालचा आडवा दांडा जमिनीला टेकलेला नसतो, त्याच्याखालून केरसुणी फिरते आणि पावसाचं पाणीही निघून जातं. ही फट सुतार विसरला म्हणून राहिली, असं कुणी समजू नये. कठड्याचं निम्मं आयुष्य त्या फटीत आहे.

याच चौकटीत काही ठिकाणी दांड्यांऐवजी नक्षीची फळी असते. ती बसवायची रीत नेमकी उलटी. फळीच्या चारही कडा पातळ करून चौकटीच्या खाचेत सरकवतात. तिथे खिळा नाही, सरस नाही. लाकूड आडव्या अंगाने पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. लांबीत मात्र जवळपास बदलत नाही. रुंद फळी चारही बाजूंनी जखडली तर ती फुगताना चौकट उचकटते किंवा आकसताना स्वतः मधोमध चिरते. म्हणून तिला खाचेत हलायला जागा ठेवायची. उभा दांडा मात्र घट्टच हवा, कारण रेलणाऱ्याचा भार त्याने घ्यायचा आहे. पुढे लोखंड आलं, काच आली, तरी ही विभागणी बदललेली नाही. कठडे बिघडतात ते बहुधा ती उलटी झाली म्हणून.

दगडी पायरीत लोखंडी गज बसवायची जुनी पद्धत शिशाची. दगडात तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असं भोक पाडायचं, गजाचं टोक चेपून किंवा खाचा पाडून खडबडीत करायचं, ते ओळंब्यात उभं करायचं आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचं. शिसं ३२७ अंशाला वितळतं, त्यामुळे साध्या भट्टीवर हे काम होतं. भोक मात्र ठणठणीत कोरडं हवं, कारण पाण्याचा थेंब राहिला तर त्याची वाफ होऊन तापलं शिसं कारागिराच्या अंगावर उडतं. थंड होताना शिसं थोडं आकसतं, म्हणून शेवटी बोथट छिन्नीने ते चहूबाजूंनी ठोकून दाबून बसवायचं. हा शेवटचा टप्पा घाईत गाळला की गज पहिल्या वर्षीच खुळखुळतो. मऊ शिसं लोखंडाची थोडी हालचाल पोटात घेतं आणि पाण्याला आत जाऊ देत नाही.

पाणी आत गेलं तर काय होतं, याचा सर्वांत महागडा दाखला अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर आहे. प्राचीन ग्रीकांनी संगमरवराचे दगड लोखंडी कड्यांनी जोडले होते आणि त्या कड्यांभोवती शिसं ओतलं होतं. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस या अभियंत्याने तिथे मोठी डागडुजी केली. त्याने वापरलेलं लोखंड शिशाच्या आवरणाशिवायच दगडात गेलं. ते गंजलं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं, त्यामुळे संगमरवर आतून फुटू लागला. १९७५ नंतर सुरू झालेल्या कामात ते लोखंड काढून त्या जागी टायटेनियम घालावं लागलं. आपल्या गॅलरीच्या कोपऱ्यात खांबाच्या बुडाशी जी तिरपी भेग दिसते, तिचं कारण हेच असतं. रंगारी तिच्यात लांबी भरून जातो आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर ती पुन्हा उघडते.

एकोणिसाव्या शतकात बिडाचे कठडे आले. मुंबईतलं वॉटसन हॉटेल १८६०च्या दशकात उभं राहिलं, तेव्हा त्याचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जुळवला होता. पणजीच्या फोंतेन्यास भागातल्या वरच्या मजल्यांच्या सज्जांना आजही नक्षीचे लोखंडी कठडे दिसतात. बीड ठिसूळ असतं. ते ठोकून वाकवता येत नाही आणि वेल्डिंगलाही सहज दाद देत नाही. म्हणून बिडाच्या कठड्याचे तुकडे साच्यातच भोकं आणि खाचा ठेवून ओतत आणि बोल्टाने जोडत. या सक्तीचा फायदा असा की एक गज मोडला तर तेवढाच काढून बदलता येतो. आजचा वेल्डिंगचा कठडा दुरुस्त करायचा म्हणजे ग्राइंडर चालवा, पुन्हा टाके मारा, रंग जाळा.

तरी वेल्डिंगला नावं ठेवण्यात अर्थ नाही. एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा, चौकोनी गज पट्टीला चारही बाजूंनी नीट वेल्ड केला तर त्याच्याइतकी पकड कुठल्याच स्क्रूला येत नाही. अडचण असते ती ‘टॅक’ची, म्हणजे जागेवर धरण्यापुरत्या मारलेल्या ठिपक्यांची. त्यावर पुट्टी आणि रंग चढला की पूर्ण वेल्ड आणि ठिपका सारखेच दिसतात. म्हणून रंगाच्या आधी कठडा बघायला जावं. गज हाताने हलवून बघावा आणि प्रत्येक सांध्याखाली बोट फिरवावं. दिसत नाही त्या खालच्या बाजूलाच टाका चुकवलेला असतो.

आता पाया. सध्या बहुतेक गॅलऱ्यांत बेस प्लेट ठेवून फास्टनर मारतात. फास्टनर म्हणजे भोकात जाऊन आवळताना फुगणारा बोल्ट. तो फुगून आजूबाजूच्या काँक्रीटला रेटतो, त्या रेट्यावरच त्याची पकड असते. मग स्लॅबच्या कडेपासून दीड-दोन इंचांवर तो मारला तर काय होणार? कडेचं काँक्रीट टवका उडून निघतं. कठडा मात्र नेहमी कडेलाच हवा असतो, कारण गॅलरीतली इंचभर जागा कुणाला सोडवत नाही. अशा ठिकाणी केमिकल अँकर बरा. भोक पाडून, ब्रशने घासून, फुंकून भुकटी काढायची, मग राळेचा लगदा भरून त्यात आट्यांचा गज फिरवत घालायचा. तो काँक्रीटला फाकवत नाही, चिकटून राहतो. कडेपासून थोडं अंतर यालाही लागतंच. आणि भुकटी न काढता भरलेला लगदा भुकटीला चिकटतो, काँक्रीटला नाही.

दुसरा घोटाळा फरशीचा. फरशी, तिच्याखालचा दोन इंचांचा मसाला आणि मग स्लॅब, असे थर असतात. तीन इंची फास्टनर या थरांत संपतो, खऱ्या काँक्रीटमध्ये जेमतेम बोटभर शिरतो. पुण्यातल्या एका सोसायटीत हलणाऱ्या खांबाच्या बुडाचं स्टीलचं झाकण वर सरकवलं, तेव्हा चारपैकी दोन बोल्ट नुसते फरशीत होते. तिसऱ्याचं नट अंगठ्याने फिरलं. झाकणाच्या आत गंजाच्या पापुद्र्यांचा चिखल साठला होता. वरून सगळं लखलखीत. हे कपासारखं झाकण मला या धंद्यातली सर्वांत घातक वस्तू वाटते. ते पाणी आत घेतं, बाहेर जाऊ देत नाही, आणि तपासणाऱ्याची नजरही अडवतं. लावायचंच असेल तर ते वर सरकेल असं लावावं, सिलिकॉनने चिकटवू नये.

स्टेनलेस स्टीलबद्दल एवढंच की २०२ आणि ३०४ या प्रती लोहचुंबकाने ओळखता येत नाहीत. चुंबक दोन्हींना जवळपास चिकटत नाही, त्यामुळे दुकानदाराने ते प्रात्यक्षिक दाखवलं तर करमणूक म्हणून बघावं. किनाऱ्यावर ३०४वरही तपकिरी डाग येतात. तिथे मॉलिब्डेनम असलेली ३१६ प्रत टिकते.

राहिलं तावदान. हल्ली गजांऐवजी काच किंवा लेसरने कापलेली पत्र्याची जाळी लावतात आणि जुन्या सुताराचा नियम इथे हटकून मोडला जातो. पत्र्याची जाळी चौकटीला चहूबाजूंनी वेल्ड केली की वेल्डच्या उष्णतेनेच ती पापडासारखी वाकडी होते, मग उन्हात आणखी. दहा मीटर लांबीचं लोखंड तापमानात ३० अंशांचा फरक पडला तर साडेतीन मिलिमीटर लांबतं, आणि काळ्या रंगाच्या कठड्याला वैशाखात तेवढा फरक रोजचा आहे. म्हणून चौकटीला कान वेल्ड करावेत, जाळीला लांबट भोकं ठेवावीत आणि मध्ये रबरी वॉशर घालून बोल्ट लावावेत. १८ गेजच्या पाइपची भिंत सव्वा मिलिमीटरचीच असते. तिच्यात सरळ स्क्रू मारला तर आट्यांना धरायला धातूच नसतो, आणि वाऱ्याने जाळी थरथरत राहिली की ते भोक सैल होत जातं.

काचेचं गणित याहून कडक. टफन्ड काचेला भट्टीतून निघाल्यावर भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला तर सगळी काच चुरा होऊन खाली येते. म्हणून मापं आधी, भोकं आधी, मग भट्टी. जागेवर एखादं भोक जुळलं नाही तर कारागीर बोल्ट तिरपा ओढून घेतो आणि तिथेच काच धातूला टेकते. काचेने धातूला कुठेच शिवता कामा नये. बोल्टाभोवती नायलॉनची नळी, दोन्ही बाजूंना रबर, खालच्या चॅनेलमध्ये काचेखाली रबरी ठोकळे. चॅनेलला पाणी जायला भोकं हवीत. आणि उंचावर एकेरी टफन्ड काच लावूच नये. तिच्यात निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल तर ती कधीतरी आपोआप फुटू शकते. दोन काचांमध्ये पडदा चिकटवलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी तुकडे धरून ठेवते. तिच्यावर वरून सलग हँडरेल असावी, म्हणजे एक तावदान गेलं तरी माणसाच्या हाताला काहीतरी राहील.

गजांमधलं अंतर किती? ब्रिटनमधल्या नियमात घरांसाठी १०० मिलिमीटरचा चेंडू आरपार जाता कामा नये, अशी कसोटी आहे. आपल्याकडेही घरात लहान मूल असेल तर हीच वापरावी. आडवे पाइप दिसायला छान, पण ती मुलाला आयती शिडी होते.

नवं घर बांधत असाल तर हे सगळं स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी ठरवायचं असतं. खांबांच्या जागी सळईला बांधलेल्या लोखंडी प्लेटा आधीच काँक्रीटमध्ये सोडल्या तर पुढे फास्टनरची गरजच उरत नाही. ठेकेदार म्हणेल, नंतर बघू. त्याला प्लेटांची जागा खडूने आखून द्या आणि काँक्रीट पडताना तिथे उभे राहा. गॅलरीच्या फरशीला उतार किती द्यायचा आणि तो बाहेरच्या बाजूने की पाणी जाण्याच्या जाळीकडे, हे पुढच्या भागात.