पाळण्यात पोट का ढवळतं?

कार्तिक महिन्यात शेंदुर्णीला त्रिविक्रमाचा रथ निघतो, जत्रा भरते आणि पहूर पेठ, पहूर कसबे, आजूबाजूच्या वाड्या-वस्त्या सगळ्या तिकडे लोटतात. या गर्दीतल्या मुलांच्या प्रत्येक टोळक्यात एक जण तरी असा असतो, जो आकाशपाळण्यापाशी पोचला की म्हणतो, "तुम्ही बसा, मी चपला सांभाळतो." त्याला पाळणा लागतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मग बाकीचे त्याला भित्रा म्हणतात.

दोस्तांनो, हा लेख त्या चपला सांभाळणाऱ्यासाठी आहे. तो भित्रा नाही. त्याच्या कानाच्या आत एक फार सुंदर यंत्र आहे आणि ते चोख काम करतंय. कान ऐकण्यासाठी असतो एवढंच आपण शिकतो. पण कानाच्या पडद्याच्याही आत, कवटीच्या हाडात बसवलेल्या तीन बारीक अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्या एकमेकींशी काटकोनात असतात, म्हणजे मान हलवून 'हो' म्हणा, 'नाही' म्हणा किंवा डोकं खांद्याकडे कलंडवा, एक ना एक नळी ते टिपतेच. या नळ्यांत पाण्यासारखा द्रव भरलेला असतो. त्यांच्याशेजारी दोन छोट्या पिशव्या असतात आणि त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे. शंख-शिंपले ज्याचे बनतात, तोच पदार्थ! खाली कुठे, वर कुठे आणि आपण सरळ रेषेत किती जोरात निघालो, हे त्या खड्यांच्या सरकण्यातून मेंदूला कळतं.

नळ्यांचं काम कसं चालतं ते अंगणात बघता येईल. स्टीलच्या पेल्यात अर्ध्याच्या वर पाणी घ्या. वर मिरपुडीची चिमूट भुरभुरा. पेल्याच्या काठावर पेनाने एक ठिपका काढा. आता पेला दोन्ही हातांनी छातीशी धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरायला लागा. नजर पेल्यात. काय दिसतं? ठिपका तुमच्याबरोबर फिरतोय, पण मिरपूड मागे राहतेय. पेला फिरला, पाणी फिरलं नाही! तुमच्या कानातल्या द्रवाचंही त्या क्षणी हेच होतं. नळी डोक्याबरोबर फिरते, द्रव मागे रेंगाळतो, आतल्या बारीक केसांसारख्या पेशी त्या रेंगाळण्याने वाकतात आणि मेंदूला कळवतात, "फिरायला लागलो."

अजून थोड्या गिरक्या घ्या. हळूहळू मिरपूडही पेल्याबरोबर फिरू लागेल. कानातला द्रवही असाच नळीबरोबर फिरू लागतो. एकाच वेगाने फिरत राहिलं तर वीसेक सेकंदांत कान गप्प होतो. आपण फिरतोय हे त्याला कळेनासं होतं! आता एकदम थांबा. पेला थांबला, पण मिरपूड फिरतेच आहे. आणि तुमच्याभोवती अंगण, तुळशीवृंदावन, भिंत सगळं गरगरतंय, हो ना? पाय म्हणतात आपण उभे आहोत. कान म्हणतो आपण फिरतोय, तेही उलट्या दिशेने. (प्रयोग मोकळ्या जागेत करा, कुणी मोठं माणूस जवळ असू द्या आणि थांबल्यावर लगेच खाली बसा.)

पाळणा लागतो तो या गोंधळामुळे. आपण कुठे आहोत, कसे हलतोय, हे मेंदूला तिघांकडून कळतं: डोळे, कान आणि अंगाखालचा स्पर्श. रोजच्या चालण्या-पळण्यात तिघांची बातमी एकच असते. पण आकाशपाळण्याच्या डब्यात बसून तुम्ही समोरच्या मैत्रिणीच्या हातातली भजी बघत असाल, तर डोळे सांगतात सगळं स्थिर आहे आणि कान सांगतो आपण वर-खाली होतोय. पहूरहून छत्रपती संभाजीनगरला जाणारी एसटी फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढायला लागली की गोष्टीचं पुस्तक वाचणाऱ्याला गाडी लागते, ती याचमुळे. ओळी स्थिर, गाडी वळणावळणाने कलतेय.

बरं, गोंधळ झाला तर झाला, पण उलटी कशाला? याबद्दल मिशेल ट्राइझमन या शास्त्रज्ञाने 1977 साली एक अंदाज मांडला आणि मला तो फार आवडतो. माणूस हजारो वर्षं रानातली फळं, बिया, कंद खात आला. त्यांत काही विषारी. धोत्र्याचं बी पोटात गेलं की भोवळ येते, डोळ्यांपुढचं जग हलायला लागतं. म्हणजे डोळे आणि कान यांचं जुळेनासं झालं, तर बहुधा विष पोटात गेलंय. मग शहाणपणाची गोष्ट कोणती? पोटात असेल ते बाहेर टाकणं! आकाशपाळणा आणि एसटी तर काल-परवाच्या गोष्टी, आपला मेंदू जुन्याच नियमाने वागतो. हा अंदाज आहे, पक्कं सिद्ध झालेलं नाही. पण खरा असेल, तर आपला चपला सांभाळणारा मित्र रानात सगळ्यांत सुरक्षित राहिला असता.

कानातलं हे यंत्रच बंद असेल तर? अमेरिकेत वॉशिंग्टनला गॅलॉडेट नावाचं कर्णबधिरांचं विद्यापीठ आहे. तिथले 11 जण 1950च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास दहा वर्षं अंतराळ प्रवासाच्या प्रयोगांत सहभागी झाले. त्यांच्यापैकी 10 जणांना लहानपणी मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा आजार झाला होता. त्यात ऐकणं गेलं आणि तोल सांगणाऱ्या नळ्यांचं कामही थांबलं. शास्त्रज्ञांनी त्यांना कॅनडाच्या नोव्हा स्कोशियाजवळ खवळलेल्या समुद्रात बोटीने नेलं. बोट अशी हेलकावत होती की शास्त्रज्ञ स्वतः आजारी पडले आणि प्रयोग थांबवावा लागला. आणि ती कर्णबधिर माणसं? मजेत पत्ते खेळत बसली होती! त्यांच्यातल्या चौघांनी तर सतत फिरणाऱ्या एका खोलीत 12 दिवस काढले. माणूस अंतराळात गेला तर त्याच्या शरीराचं काय होईल, हे समजायला या माणसांनी केवढी मदत केली! अंतराळात पहिल्यांदा मळमळलं ते गेरमान तितोव्ह या सोव्हिएत अंतराळवीराला, 1961 साली. तो तर निवडून, पारखून, कसून तयार केलेला वैमानिक होता. आपले राकेश शर्मा 1984 साली साल्युत-7 स्थानकात गेले, तेव्हा वजनरहित अवस्थेशी जुळवून घ्यायला योगासनांचा उपयोग होतो का, याचा प्रयोग त्यांनी केला होता. तेव्हा पाळणा लागणाऱ्याला कुणी हसलं, तर ही नावं सांगा.

आता जत्रेत परत येऊ. एक गोष्ट आधी वेगळी काढू या. आकाशपाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो, ती मळमळ नव्हे. खाली येताना क्षणभर आपलं वजन हलकं झाल्यासारखं होतं, पोटातले अवयवही थोडे उचलल्यासारखे होतात, आणि डबा खाली आला की संपलं. तो गोळा आणि ती किंकाळी म्हणजेच तर पाळण्याची मजा! मळमळ हळूहळू चढते. आधी जांभया, मग तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम, चेहरा पांढराफटक. घाटात काही मुलं पेंगतात, तीही याचीच एक खूण असू शकते.

आणि सगळे पाळणे सारखे लागत नाहीत. जत्रेत ती मोठी बोट असते ना, खालचं रबरी चाक घासून जिला झोके देतं, ती जास्त त्रास देते. का? शास्त्रज्ञांनी माणसांना वेगवेगळ्या वेगाने हेलकावून पाहिलं, तेव्हा दिसलं की साधारण पाच सेकंदांना एक पूर्ण हेलकावा या गतीला सगळ्यांत जास्त मळमळतं. समुद्रातल्या लाटांची गतीही पुष्कळदा याच्या आसपास असते. याहून भरभर हादरे बसले तर त्रास कमी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हाडं खिळखिळी होतात, पण मळमळ सहसा होत नाही.

मग बोटीचं गणित बघा. झोका जायला-यायला किती वेळ घेतो, हे त्याच्या दोराच्या लांबीवर ठरतं, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. घरच्या दोन मीटर दोराच्या झोक्याला जाऊन-येऊन जवळजवळ तीन सेकंद लागतात. बोट जिथे अडकवलेली असते तिथून ती सहा मीटर खाली असेल, तर किती? पाच! म्हणजे नेमकी नको ती गती. यंदा बोटीजवळ उभे राहाल तेव्हा घड्याळात बघून मोजा. एका टोकाहून निघून पुन्हा त्याच टोकाला येईपर्यंतचा वेळ घ्या.

तरीही बसायचंय? मग मधल्या बाकावर बसा. बोटीची दोन्ही टोकं सगळ्यांत जास्त उंच जातात आणि सगळ्यांत जास्त कलतात, म्हणून धीट मुलं तिथली जागा पटकावतात. मधल्या बाकालाही झोका तेवढ्याच सेकंदांचा, पण वर-खाली होणं पुष्कळ कमी.

नजरेचं म्हणाल, तर आकाशपाळण्यात ती लांब ठेवा. शेंदुर्णी-पहूरकडे दक्षिणेला अजिंठ्याची डोंगररांग दिसते. डबा वर चढायला लागला की त्या रांगेवर डोळे लावा. डोंगर हलत नाही, तो खाली-वर सरकताना दिसला की आपण हलतोय हे डोळ्यांनाही कळतं आणि त्यांची कानाशी भांडणं मिटतात. डब्यातल्या डब्यात खाली वाकून पायाशी पडलेलं काही शोधू नका, मोबाईल तर नकोच. एसटीतही हेच. पुढच्या सीटवर बसा आणि समोरच्या काचेतून रस्ता बघा. ड्रायव्हरकाकांना घाट लागत नाही, कारण पुढचं वळण त्यांना आधीच ठाऊक असतं.

गरगर फिरणाऱ्या चक्रीत किंवा ब्रेकडान्समध्ये मात्र डोंगर कामाला येत नाही. तो दिसतो न दिसतो तोच निघून जातो. तिथे फुगडीची युक्ती वापरा. मंगळागौरीला दोघी जणी केवढ्या वेगाने फुगडी घालतात! त्या बाजूचं घर बघत नाहीत, एकमेकींच्या चेहऱ्याकडे बघतात. समोरचा चेहरा आपल्याबरोबरच फिरत असतो, म्हणून नजर त्यावर टिकते आणि डोळ्यांची धावपळ थांबते. चक्रीत समोरच्या दांडीवर नजर रोवा, नाहीतर सरळ डोळे मिटा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे डोकं पाठीमागच्या टेकूला टेकवून स्थिर ठेवा. फिरत असताना मान वळवली किंवा खाली घातली, तर एका नळीचं फिरणं दुसऱ्या नळीतही शिरतं आणि मेंदूला भलतीच कोलांटी मारल्यासारखं वाटतं. ब्रेकडान्समध्ये मोठी तबकडी फिरते आणि तिच्यावरचा डबा आणखी वेगळा फिरतो, त्यामुळे तिथे तर मान हलवूच नका.

खाण्याचं काय? तुडुंब शेवभाजी खाऊन बसू नका, पण उपाशीही बसू नका. थोडं, कोरडं काहीतरी खाऊन तास-अर्धा तास गेला की बसा. आल्याची वडी किंवा आवळासुपारी बरोबर असू द्यायला हरकत नाही. आल्यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. काहींत फायदा दिसला, काहींत नाही. गाडी लागू नये म्हणून गोळ्याही मिळतात, पण त्या प्रवासाआधी घ्याव्या लागतात, त्यांनी झोप येते आणि लहान मुलांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या द्यायच्या नसतात. एक साधा उपाय मात्र फुकट आहे: सावकाश, खोल, मोजून घेतलेला श्वास. त्याने मळमळ उशिरा चढते, हे तपासून पाहिलं गेलंय. जनरेटरच्या डिझेलचा वास येत असेल तर रांगेत त्याच्यापासून लांब उभे राहा, कारण वासाने मळमळ वाढते.

फिरताना त्रास व्हायला लागला, तर उभं राहायचं नाही, वाकायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. डोकं टेकवा, डोळे मिटा, श्वास मोजा. पाळण्याची एक फेरी बहुतेक वेळा काही मिनिटांचीच असते.

सवयीनेही फरक पडतो. जहाजावरच्या नवख्या खलाशाला साधारण दोन-तीन दिवसांत लाटांची सवय होते. वयाचाही भाग आहे. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, सात ते बारा या वयात तो सगळ्यांत जास्त असतो आणि पुढे बहुतेकांचा कमी होत जातो. म्हणजे तुमच्या वर्गात आत्ता तो ऐन भरात आहे. यंदा आधी आकाशपाळण्याची एक संथ फेरी घ्या. उतरल्यावर सावलीत, जमिनीवर बूड टेकून बसा, समोरच्या न हलणाऱ्या झाडाकडे किंवा खांबाकडे बघा, दोन घोट पाणी प्या. कानातली मिरपूड पूर्ण थांबेपर्यंत पुढच्या पाळण्याचं तिकीट खिशातच राहू द्या.