डासाच्या पोटातला हिवताप, काचेच्या भांड्यात

हिवतापाच्या जंतूचा संसार दोन घरांत चालतो. एक घर माणसाचे, दुसरे ॲनाफिलीस डासाच्या मादीचे. थंडी वाजून ताप भरतो तो पहिल्या घरातल्या उलाढालींमुळे. म्हणून आपले सारे लक्ष रक्ताकडे. पण या जंतूचे लग्न लागते ते डासाच्या पोटात! अंबरनाथच्या विज्ञानाच्या एका शिक्षकांनी मला विचारले, "डॉक्टर, डासाशिवाय हे दुसरे घर प्रयोगशाळेत उभारता येत नाही का?" प्रश्न मार्मिक आहे. त्याचे उत्तर मिळायला शास्त्रज्ञांना शंभराहून अधिक वर्षे लागली.

रुग्णाच्या रक्तात ताप आणणाऱ्या जंतूंबरोबर काही नर व मादी जंतूही असतात. त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात. ते रुग्णाला त्रास देत नाहीत, डासाची वाट पाहत स्वस्थ बसतात. डासाने रक्त शोषले की त्याच्या पोटातल्या गारव्याने व तेथील रसायनांनी ते जागे होतात. पंधरा-वीस मिनिटांत नर जंतूपासून शेपटीसारखे धागे सुटतात, मादीशी मीलन होते आणि सुमारे एका दिवसात सरपटणारा जंतू तयार होतो. तो जठराची भिंत भेदून तिच्या बाहेरच्या अंगाला फोडासारखा चिकटतो. दहा-बारा दिवसांत तो फोड फुटून सुईसारखे हजारो जंतू, म्हणजे स्पोरोझोइट, डासाच्या लाळग्रंथीत शिरतात. मगच तो डास धोक्याचा.

असलाच फोड रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला सूक्ष्मदर्शकातून पाहिला. हुसेन खान नावाच्या रुग्णाने त्यासाठी डास चावून घेतले, दर डासामागे एक आणा घेऊन. रॉस यांना १९०२ साली नोबेल मिळाले. हुसेन खानला मिळाले ते आणेच.

माणसाच्या रक्तातला फाल्सिपॅरम जंतू प्रयोगशाळेत सतत वाढवणे १९७६ साली जमले. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ट्रेगर व जेन्सन यांनी बरणीत मेणबत्ती लावून आतला प्राणवायू कमी केला आणि जंतू फोफावले. डासातले घर मात्र दाद देईना. सरपटणारा जंतू बशीत तयार होई, पण पुढे फोड धरेना. त्याला जठराच्या भिंतीचा आधार हवा होता. १९९२ साली वॉरबर्ग व मिलर यांनी कोंबड्यांच्या हिवतापाचा जंतू घेतला, भिंतीऐवजी प्रथिनांचा चिकट थर दिला, सोबतीला फळमाशीच्या पेशी ठेवल्या आणि फोड धरले. २००२ साली इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या जंतूची डासातली सारी वाढ भांड्यात पूर्ण केली. त्यांचे स्पोरोझोइट उंदराला टोचल्यावर उंदीर आजारी पडला. फाल्सिपॅरमचे, यकृताच्या पेशींत शिरून वाढणारे स्पोरोझोइट डासाशिवाय बनवल्याचे अमेरिकेतील सॅनारिया कंपनीच्या शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केले ते थेट २०२२ साली. तोवर लसीसाठी निर्जंतुक डास पाळायचे आणि एकेकाच्या लाळग्रंथी हाताने काढायच्या, असा खटाटोप चाले.

एवढी यातायात कशासाठी? माणसाच्या शरीरात प्रथम शिरतो तो स्पोरोझोइट, त्यामुळे त्यालाच दारात अडवणे सर्वांत चांगले. ऑक्सफर्डने शोधलेली आणि आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली आर-२१ ही लस याच जंतूच्या अंगावरील प्रथिनाचा तुकडा वापरते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. ती मुख्यतः आफ्रिकेतील बालकांसाठी आहे, आणि फाल्सिपॅरमवर.

मुंबईच्या परिसरात जास्त आढळणारा व्हायव्हॅक्स मात्र प्रयोगशाळेला अजून बधलेला नाही. त्याला अगदी कोवळ्या तांबड्या पेशी लागतात, आणि त्या सतत पुरवणे कठीण. म्हणून गोव्यात संशोधकांनी रुग्णांच्या संमतीने घेतलेले ताजे रक्त पातळ पडद्यातून पाळलेल्या डासांना पाजले आणि पुढे डासांची पोटे तपासली. तो डास ॲनाफिलीस स्टीफेन्सी, म्हणजे आपल्याच गच्चीवरचा.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. उल्हासनगरकर हिवतापाचे खापर वालधुनीवर फोडतात. नदीच्या दुर्दशेबद्दल बोलावे तेवढे थोडे. पण तिच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. तो झोप मोडतो, हत्तीरोगही पसरवू शकतो, परंतु माणसाचा हिवताप त्याच्या पोटात वाढत नाही. स्टीफेन्सीला स्वच्छ पाणी लागते. नळाला पाणी एक दिवसाआड म्हणून भरून ठेवलेले पिंप, झाकण तुटलेली गच्चीवरची टाकी, बदलापूरला नव्या इमारतींच्या स्लॅबवर मुरवणीसाठी अडवलेले पाणी, लिफ्टचा खड्डा ही त्याची ठिकाणे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामे करून, आतून घासून कोरडे करायचे. नुसते पाणी ओतून देऊ नका, कडेला अंडी चिकटलेली राहतात ती एडिसची, म्हणजे डेंग्यूच्या डासाची. घासल्याने दोन्ही कामे होतात.

आता गोळ्यांविषयी. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि पाकीट फळीवर जाते. फाल्सिपॅरमच्या रुग्णाच्या रक्तात ताप गेल्यावरही काही आठवडे गॅमेटोसाइट राहू शकतात. प्रायमाक्विनचा एकच डोस असतो तो त्यांना मारण्यासाठी, म्हणजे रुग्णापेक्षा शेजाऱ्यांसाठी! व्हायव्हॅक्समध्ये याच गोळ्या चौदा दिवस घ्यायच्या, कारण त्याचे काही जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. पाचव्या दिवशी गोळ्या सोडलेला रुग्ण दिवाळीनंतर पुन्हा कुडकुडत येतो, हे मी दर वर्षी पाहतो.

मात्र प्रायमाक्विन स्वतःच्या मनाने घेऊ नये. गर्भवती स्त्रिया व एक वर्षाखालील बालके यांना ती देत नाहीत. काहींच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे द्रव्य जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटतात. घरात कोणाला असा त्रास झालेला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळ्या चालू असताना लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दवाखाना गाठा.