एका अक्षरास तीन खण

गेल्या वर्षीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानें सिद्ध करण्याचें काम आम्हीं हातीं घेतलें. सात पिढ्यांचीं नांवें घरांतील तरुण मंडळींनीं मोठ्या हौसेनें संगणकावर उतरून काढलीं. परंतु तीच यादी परगांवच्या नातलगांनीं आपल्या जुन्या यंत्रावर उघडली, तों मूळ पुरुषाच्या नांवाच्या जागीं परक्या चिन्हांची एक लांब माळ दिसूं लागली. वडील मंडळी हळहळली. घरांतील एका चौकस मुलानें मात्र तीं चिन्हें मोजलीं. ‘महादेव’ ह्या नांवाच्या जागीं अठरा चिन्हें होतीं. चार अक्षरें आणि काना व मात्रा मिळून सहा; आणि सहाची तिप्पट अठरा. म्हणजे नांव नाहींसें झालें नव्हतें. त्या यंत्रास तें वाचतां येत नव्हतें, इतकेंच. हे तिपटीचें कोडें मूळचें कोठलें, ह्याची हकीकत वाचकांस सादर करावी असें आम्हांस वाटतें.

संगणकास अक्षर ठाऊक नाहीं. त्यास आंकडा तेवढा कळतो. त्याची स्मृति म्हणजे सारख्या खणांचें एक मोठें फडताळ समजावें. ह्या खणास ‘बाइट’ म्हणतात, आणि एका खणांत ० पासून २५५ पर्यंतचा कोणताही एक आंकडा राहतो. अमेरिकेंत १९६३ सालीं ‘अ‍ॅस्की’ नांवाचें १२८ चिन्हांचें कोष्टक ठरलें. इंग्रजीचा संसार तेवढ्यांत सुखानें चाले. एक अक्षर, एक खण. पुढें १९९१ च्या ऑक्टोबरांत ‘युनिकोड’चा पहिला ग्रंथ निघाला व जगांतील लिप्यांच्या चिन्हांस स्वतंत्र क्रमांक मिळूं लागले. देवनागरीच्या वांट्यास २३०४ ते २४३१ हे क्रमांक आले. त्यांत ‘म’ चा क्रमांक २३५०. आतां २५५ च्या पुढें न जाणाऱ्या खणांत २३५० बसवावयाचे कसे?

हा प्रश्न केवळ जागेचा नव्हता. न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ पासून ‘युनिक्स’ नांवाची कार्यप्रणाली वाढली होती. तिच्यांत मजकुरावर काम करणारीं लहान लहान साधनें असत. मजकूर जसाच्या तसा दाखवी तें ‘कॅट’. हवा तो शब्द असलेल्या ओळी निवडी तें ‘ग्रेप’. एका चिन्हाच्या जागीं दुसरें घाली तें ‘टीआर’. आणि मोजदाद करी तें ‘डब्ल्यूसी’. एक अक्षर म्हणजे एक खण, ह्याच समजुतीवर हीं सर्व बेतलेलीं होतीं. त्याच प्रयोगशाळेंतील मंडळींनीं पुढें ‘प्लॅन नाइन’ ही नवी प्रणाली उभारली. तिचें नांव एका जुन्या चित्रपटावरून घेतलेलें. तिचे उपयोगकर्ते थोडके. पण घर लहान म्हणूनच त्याची सगळी मांडणी एकदम बदलणें शक्य होतें. जगांतील सर्व लिप्या चालतील अशा रीतीनें हीं साधनें ह्या नव्या घरांत नांदवावीं, असें त्यांच्या मनांत होतें.

आंतरराष्ट्रीय मसुद्यांत सुचविलेली एक रीत त्यांनीं आधीं घेऊन पाहिली. पण तिच्यांत एक खोट होती. मोठ्या क्रमांकाच्या अक्षराचे जे अनेक खण होत, त्यांपैकीं एखाद्यांत ४७ हा आंकडाही येऊं शके. ४७ म्हणजे तिरपी रेघ. आणि युनिक्सच्या घराण्यांत तिरपी रेघ म्हणजे फाइलींच्या नांवांतील दुभाजक! जुनें साधन तेथेंच फसावयाचें.

सप्टेंबर १९९२ च्या पहिल्या आठवड्यांतील गोष्ट. ह्याच प्रश्नावर खल करीत असलेल्या ‘एक्स/ओपन’ संस्थेच्या लोकांनीं दूरध्वनीवरून बेल प्रयोगशाळेचें मत विचारलें. त्या संध्याकाळीं केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे जेवावयास गेले असतां थॉम्प्सन यांनीं ताटाखालीं अंथरलेल्या कागदावर नवी रीत मांडली. हेंच ‘यूटीएफ-८’. १२८ च्या आंतील चिन्हें पूर्वींप्रमाणेंच एका खणांत राहावयाचीं. त्यापुढील अक्षरास दोन, तीन वा अधिक खण. पहिला खण एकंदर किती हें सांगणार, व मागून येणाऱ्या प्रत्येक खणांतील आंकडा १२८ ते १९१ च्या दरम्यानच असणार. म्हणून ‘म’ झाला २२४, १६४, १७४. फडताळांत कोठेंही हात घाला, हा खण अक्षराचा आरंभ कीं शेपूट, हें तत्काळ कळतें. आणि ४७ चा आंकडा तिरप्या रेघेवांचून कोठेंही येत नाहीं. पाइक यांच्या आठवणीप्रमाणें बुधवारीं रात्रीं काम सुरू झालें, आणि शुक्रवारीं सारें प्लॅन नाइन ह्या एकाच रीतीवर चालूं लागलें.

इतक्या थोड्या अवधींत हें साधलें, कारण बहुतेक साधनांस हात लावावाच लागत नाहीं. ‘कॅट’ खण जसेच्या तसे पुढें करतें; त्यास लिपीशीं कर्तव्य नाहीं. ‘ग्रेप’ला नुसता शब्द शोधावयाचा असेल, तर खणांशीं खण जुळले कीं पुरे. परंतु ‘येथें कोणतेंही एक अक्षर चालेल’ अशी खूण आली, म्हणजे अडचण. जुनें ‘ग्रेप’ ‘म’ चा एक तृतीयांशच उचलणार! ‘टीआर’चा जुना तक्ता २५६ घरांचा, तर त्या वेळच्या युनिकोडचा आवांका ६५,५३६ क्रमांकांचा. ‘डब्ल्यूसी’ला खण व अक्षरें निरनिराळीं मोजणें भाग. जेथें साधन अक्षराचा विचार करतें, तेथेंच त्यास नवें शिकवावें लागतें. जानेवारी १९९३ मध्यें सॅन डिएगो येथें ह्या दोघांनीं आपला निबंध वाचकांपुढें ठेवला. त्याच्या मथळ्यांतच इंग्रजी, ग्रीक व जपानी भाषांतून जगास नमस्कार घातला होता.

प्लॅन नाइन फारसें पसरलें नाहीं. २०२१ सालीं त्याचे हक्क एका लहानशा प्रतिष्ठानाकडे सोपविण्यांत आले. पण त्या घरांत ठरलेली रीत आज जगांतील बहुतेक सर्व संकेतस्थळांवर चालते. तिनें जुन्यांस कमींत कमी त्रास दिला, हेंच तिच्या विजयाचें कारण होय.

तथापि आम्हां मराठी लोकांचें काम तेवढ्यानें संपत नाहीं. ‘लक्ष्मी’ हें नांव मुलास विचारा. तो दोन अक्षरें सांगेल. युनिकोडच्या हिशेबीं तीं सात चिन्हें आणि एकवीस खण. चार चिन्हांनंतर नांव कापणारें साधन लक्ष्मीचें ‘लक्ष’ करील, आणि त्यास त्यांत कांहींच चुकलें असें वाटणार नाहीं. यूटीएफ-८ नें चिन्ह अभंग राखलें. अक्षर अभंग राखण्याची जबाबदारी साधन घडविणाऱ्यावरच आहे. म्हणून कोणतेंही साधन नव्या प्रणालींत नेलें, कीं त्याची परीक्षा ‘रमा’वर थांबवूं नये, ‘लक्ष्मी’ आणि ‘कृष्णा’ यांसही त्यांतून नेऊन पाहावें.

आमच्या नातलगांस आम्हीं एवढेंच कळविलें कीं, फाइल उघडतांना ‘यूटीएफ-८’ ही रीत निवडावी. दुसऱ्याच दिवशीं उत्तर आलें: मूळ पुरुष महादेव सुखरूप पोहोंचले. आतां छपाईपूर्वीं घरांतील सर्व मंडळी एकेक नांव वाचून पाहत आहेत, आणि आरंभ लक्ष्मीबाईंपासून केला आहे.