घरातून दिसते, बाहेरून दिसत नाही!



मराठी शाळेचे धडे, बारशाचे फोटो, मंडळाचे जुने अंक... घरच्याच कॉम्प्युटरवर छोटेसे संकेतस्थळ मांडायची हौस आपल्यात पुष्कळांना असते. घरात पान झकास उघडते, पुण्याच्या आजींना मात्र काहीच दिसत नाही. मग कोणीतरी सुचवतो, "फायरवॉलच बंद करून टाका ना!" कृपा करून तसे करू नका.

फायरवॉल म्हणजे सोसायटीचा वॉचमन. बाहेरच्याला फक्त इमारतीचा पत्ता ठाऊक असतो. पाहुण्याला कुठल्या खोलीत सोडायचे, हे वॉचमनच्या वहीत लिहिलेले लागते. आपल्या रेडमंडच्या मायक्रोसॉफ्टने प्रॉक्सी सर्व्हर काढला, पुढे त्याचाच आयसा सर्व्हर झाला. वहीतल्या त्या नोंदीला तिथे 'वेब पब्लिशिंग' म्हणत. त्या मालिकेची देखभाल एप्रिल २०२० मध्ये संपली, पण दुखणी आजही तीच आहेत.

आम्हा केमिस्ट लोकांचा एक नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती वहीत लिहायची. तपासणी आतून बाहेर करत जा.

१. सर्व्हरवरच बसून १२७.०.०.१ हा पत्ता उघडा. उघडला नाही तर दोष सर्व्हरचा. फायरवॉलला हात लावू नका.

२. घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरचा आतला पत्ता टाका. इथे अडले तर सर्व्हरची स्वतःची फायरवॉल पाहा. विंडोजमध्ये २००४ पासून ती आपोआप चालू असते.

३. आता मोबाईलचे वायफाय बंद करून बाहेरून पाहा. घरात बसून बाहेरचे नाव टाकले तर ती चाचणी धरू नका. काही राउटर आतून आलेली विनंती पुन्हा आत वळवत नाहीत.

४. बाहेरून उत्तरच नाही? राउटरचा नियम योग्य पत्त्यावर जातो ना? सर्व्हरचा आतला पत्ता कायमचा ठरवून टाका. नाहीतर नोव्हेंबरच्या वाऱ्यात वीज गेली की तो बदलू शकतो. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर पुढे कंपनीचा आणखी एक वॉचमन आहे. तिथे आपला नियम चालत नाही. कंपनीकडे स्वतंत्र पत्ता मागा.

५. भलतेच पान उघडले? म्हणजे विनंती पोचली, पण फायरवॉलने मूळ नाव पुढे दिले नाही. एका सर्व्हरवर दोन स्थळे असली की असा गोंधळ होतो. मूळ नाव पुढे पाठवण्याची सोय चालू करा.

पान दिसू लागले की काम संपले, असे मात्र नाही. १९ जुलै २००१ रोजी 'कोड रेड' नावाच्या किड्याने चौदा तासांच्या आत ३,५९,००० हून अधिक यंत्रे पोखरली, आणि तीही वेब पानांसाठी उघडलेल्या ८० क्रमांकाच्या दारातूनच! त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने महिनाभर आधीच दिली होती, ती बऱ्याच जणांनी बसवली नव्हती.

म्हणून लागेल तेवढेच दार उघडा, सर्व्हर अद्ययावत ठेवा, आणि सभासदांचे पत्ते, फोन व मुलांची नावे त्या यंत्रावर मुळीच ठेवू नका. लोकांनी ती विश्वासाने मंडळाकडे दिलेली आहेत.

एवढे करूनही अडले, तर पुढच्या बैठकीला वही घेऊन या. पाचांपैकी कुठल्या पायरीवर थांबलात ते सांगा, तिथून पुढे मिळून बघू.