गिऱ्हाइकाचें पान

संत नामदेवांचें जन्मस्थान म्हणून नरसी नामदेव हें गांव सर्वांस ठाऊक आहे. अशा गांवांतील वाणी रोजकीर्दीवरून खतावणींत प्रत्येक गिऱ्हाइकाचें पान राखी. त्यांतील जमा व नांवें गिऱ्हाईकही पाहूं शके आणि चूक दिसल्यास तेथेंच बोले.

नरसीचा हिंगोली जिल्हा हळदीसाठीं प्रसिद्ध. तीच हळद आज कोणी ऑनलाईन विकूं लागला, तर शॉपिफायसारखी प्रणाली खतावणीचें काम आपोआप करिते. ग्राहकांच्या यादींत एका नांवावर बोट ठेवतांच त्याच्या साऱ्या मागण्या, तारखा, रकमा व पत्ते डोळ्यांसमोर येतात. कोण पुन्हां आला, कोणाचा माल परत आला, हें क्षणांत कळतें. तक्रार निवारण्यास याहून चांगलें साधन नाहीं.

परंतु मागण्यांवरून घरांतील आजार, बाळंतपण, ओढगस्तही ताडतां येते. आणि हें पान गिऱ्हाइकाच्या नकळत वाचलें जातें. म्हणून कोणत्या नोकरास काय दिसावें, हें मालकानें ठरवून द्यावें. तशी सोय प्रणालींत असते. संसदेनें २०२३ सालीं केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यांत, संमतीनें दिलेली आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करविण्याचा व पुसविण्याचा हक्क सांगितला आहे.

आमच्या वाचकांच्या घरीं मुलगा वा सून असें दुकान चालवीत असल्यास आम्हांस इतकेंच सांगावयाचें आहे: दुसऱ्याच्या संसाराचें पान विश्वासानें हातीं आलें आहे, तें कामापुरतें उघडावें आणि मिटून ठेवावें.